उपनगरातला घोडा : त्याचा स्वभाव आणि त्याच्या गरजा

घोडा हा मोकळ्या माळावर कळपाने राहणारा, चालता चालता चरणारा आणि संकट आले की पळून जीव वाचवणारा प्राणी आहे. त्याचे डोळे, कान, पोट, खूर, इतकेच काय त्याची झोपसुद्धा याच जगण्यातून घडली आहे. माणसाळून काही हजार वर्षे झाली, तरी ही घडण बदललेली नाही. मुंबईच्या उपनगरांत त्याच्या वाट्याला येते ते मात्र बहुधा याच्या नेमके उलट : पत्र्याच्या छपराखालचे अरुंद ठाण, आखूड दावे, पायाखाली डांबर किंवा काँक्रीट, दिवसातून दोनदा चंदी आणि लग्नसराईत रात्री उशिरापर्यंत बँड. घोड्याच्या ज्या सवयींना खोडी म्हणतात, त्यांतल्या बऱ्याचशा या तफावतीतून येतात. म्हणून घोडा सुधारण्याआधी त्याचे राहणे सुधारावे लागते.

उपनगरांत घोडा आता मोजक्या ठिकाणीच दिसतो. घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीच्या लग्नांत वरातीची घोडी असते. वाहनांच्या वर्दळीमुळे १९३२ मध्ये बंद झालेले मुंबई पोलिसांचे अश्वदल पुन्हा उभे करण्याची घोषणा जानेवारी २०२० मध्ये झाली, तेव्हा त्याच्या पागेसाठी अंधेरीतील मरोळची जागा ठरली. हौसेने घोडेस्वारी शिकणारी मुलेही वाढत आहेत. व्हिक्टोरिया ही घोडागाडी मात्र रस्त्यावरून गेली. जून २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने करमणुकीसाठी चालणाऱ्या घोडागाड्या बेकायदा ठरवल्या आणि त्या बंद करण्यासाठी एक वर्षाची मुदत दिली. घोडा पाळणारा, भाड्याने आणणारा आणि त्याच्यावर बसायला शिकणारा, या तिघांनाही पुढील माहिती सारखीच लागू आहे.

घोड्याला काय दिसते, काय ऐकू येते

घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. त्यामुळे मान न वळवता त्याला स्वतःभोवतीचा जवळजवळ सगळा घेर, सुमारे ३५० अंशांचा, दिसतो. न दिसणाऱ्या जागा दोनच : थेट शेपटीमागची आणि कपाळासमोरची, नाकाच्या अगदी पुढची. मागून गुपचूप आलेल्या माणसाला लाथ बसते ती बहुतेक वेळा रागाने नसते; न दिसलेल्या गोष्टीला दिलेला तो बचावाचा प्रतिसाद असतो. तसेच समोरून येऊन एकदम कपाळावर हात ठेवला की घोडा मान झटकतो, कारण तो हात शेवटच्या क्षणी त्याच्या नजरेतून नाहीसा झालेला असतो.

रंगांच्या बाबतीत त्याला निळा आणि पिवळा नीट वेगळा कळतो, लाल आणि हिरव्यात गल्लत होते. मंद प्रकाशात त्याला माणसापेक्षा चांगले दिसते. पण उजेडातून अंधारात किंवा अंधारातून उजेडात जाताना त्याच्या डोळ्यांना जुळवून घ्यायला आपल्यापेक्षा अधिक वेळ लागतो. लग्नाच्या हॉलबाहेर फोकस लावलेल्या कमानीतून अंधाऱ्या गल्लीत घोडीला ओढत नेणे म्हणजे काही क्षण तिला आंधळे करून चालवणे होय. अशा ठिकाणी तिला थांबू द्यावे आणि तिने स्वतःहून पाऊल टाकेपर्यंत वाट पाहावी.

रस्त्यावरचे मॅनहोलचे झाकण हे यातले सर्वांत नेहमीचे उदाहरण. चालती घोडी झाकणापाशी येते आणि थबकते. कान पुढे टवकारते, मान खाली घालते, नाकपुड्या फुलवून फुंकर टाकते. मान खाली घालण्याचे कारण असे की दोन्ही डोळ्यांनी एकत्र दिसणारा पट्टा अरुंद असतो आणि तो नाकाच्या दिशेने, खालच्या बाजूला असतो. खोली अजमावायची तर तिला डोके हलवावेच लागते. नेमक्या याच क्षणी मोतद्दार लगाम वर खेचतो आणि चाबूक उगारतो. घोडीला तपासणी करता येत नाही, उलट झाकण आणि वेदना यांची सांगड तिच्या डोक्यात पक्की बसते. पुढच्या वेळी ती चार पावले आधीच अडते. लगाम सैल सोडून दहा-पंधरा सेकंद दिले, तर बहुतेक घोडे वास घेऊन, कडेने का होईना, पुढे निघतात. पावसाने साचलेले डबके, झेब्रा क्रॉसिंगचे पांढरे पट्टे आणि मेट्रोच्या खांबांच्या सावल्या यांनाही हाच उपाय लागू पडतो.

घोड्याचे कान एकमेकांपासून स्वतंत्रपणे वळतात आणि माणसाच्या कानाला न ऐकू येणारे उंच स्वरही टिपतात. फटाके आणि डीजेच्या भिंती म्हणूनच त्याला आपल्याहून जास्त जाचतात. दिवाळीत पागेतला घोडा एकटा ठेवू नये, रात्रभर मंद दिवा चालू ठेवावा, समोर भरपूर सुके गवत असावे आणि दार भक्कम असावे. तोंड चालू असलेला आणि शेजारी दुसरा घोडा असलेला घोडा आवाज बराच सहन करतो.

गर्दी आणि आवाज यांची सवय होते, पण सवय लावावी लागते. पालखी सोहळ्यात अंकलीच्या शितोळे सरकारांकडून येणारा माउलींचा अश्व टाळमृदंगाच्या गजरात, चहूबाजूंनी वारकरी दाटलेले असताना रिंगणात धावतो. तिथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे : त्याच्यापुढे धावण्याची वाट मोकळी ठेवलेली असते. लग्नाच्या गल्लीत घोडीला पुढे नाचणारी गर्दी, मागे गाड्या, दोन्ही बाजूंना दिव्यांचे खांब आणि तोंडात घट्ट लगाम असतो. पळायला वाट नाही हे कळलेला घोडा उधळतो, लाथा झाडतो किंवा मागच्या पायांवर उभा राहतो. पोलिसांच्या किंवा वरातीच्या घोड्याला शिकवताना म्हणूनच आवाज लांबून, हलका, थोडा वेळ, असा सुरू करावा आणि घोडा शांत असतानाच बंद करावा. भ्यालेल्या घोड्याला आवाजाजवळ रेटत नेऊन भीती जात नाही, ती मुरते.

अंगाची भाषा

घोडा बोलतो ते कानांनी, शेपटीने, नाकपुड्यांनी आणि डोळ्यांभोवतीच्या स्नायूंनी. पुढे वळलेले कान कुतूहल दाखवतात. कडेला सैल पडलेले कान आणि लोंबणारा खालचा ओठ ही विसाव्याची खूण. मागे वळलेले पण मोकळे कान म्हणजे पाठीवरच्या स्वाराकडे लक्ष. मानेला चिकटवलेले कान मात्र स्पष्ट इशारा असतो आणि तो मिळाल्यावर मागे सरावे. शेपटी सारखी आपटणे, माशा नसताना, हे त्रासाचे लक्षण आहे. डोळ्याच्या वर त्रिकोणी सुरकुती, ताणलेल्या नाकपुड्या, आवळलेली हनुवटी आणि ताठ मागे झुकलेले कान ही वेदनेची लक्षणे जगभरचे पशुवैद्य आता मोजपट्टी लावून तपासतात.

वेदनेबाबत मालकांची फार फसगत होते, कारण शिकार होणारा प्राणी दुखणे लपवतो. कळपात लंगडणारा पहिला बळी ठरतो. मान खाली घालून, भिंतीकडे तोंड करून, हाकेला कान न हलवणारी घोडी ‘गरीब’ आहे असे म्हणतात. ती बहुधा थकलेली किंवा दुखणाईत असते. लहान मुलांना बसवण्यासाठी अशीच घोडी सुरक्षित समजतात, आणि हा समज घोडी व मूल दोघांनाही धोक्याचा आहे.

माणसाची देहबोलीही घोडा वाचतो, आणि ती किती बारकाईने, हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये दिसून आले. क्लेव्हर हान्स नावाचा घोडा गणिते सोडवून खुराने टापा मारून उत्तर देई. ऑस्कर फुंग्स्ट या मानसशास्त्रज्ञाने १९०७ मध्ये दाखवून दिले की घोड्याला गणित येत नव्हते. योग्य आकडा येताच विचारणाऱ्याच्या चेहऱ्यात आणि मानेत नकळत होणारा बदल पाहून तो थांबत होता. विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसले की घोडाही चुकत असे. स्वाराने याचा अर्थ असा घ्यावा : श्वास रोखून, मांड्या आवळून बसलेला माणूस घोड्याला ‘इथे काहीतरी धोका आहे’ असेच सांगत असतो. वरातीत पहिल्यांदाच घोड्यावर चढलेल्या नवरदेवाला निदान एवढे सांगून ठेवावे की श्वास सोडत राहायचे आणि टाचा पोटात रुतवायच्या नाहीत.

घोड्याजवळ जाताना त्याच्या डाव्या खांद्याच्या दिशेने, तिरकस, हळू आवाजात बोलत जावे. हात पाठीमागून किंवा वरून आणू नये. मुठीची मागची बाजू पुढे करून त्याला वास घेऊ द्यावा आणि मग मानेवर हात ठेवावा. थोपटण्यापेक्षा मानेच्या मुळाशी, जिथे आयाळ संपते त्या उंचवट्यावर खाजवणे त्याला जास्त आवडते. घोडे एकमेकांना तिथेच दातांनी खाजवतात आणि त्या वेळी त्यांच्या हृदयाचे ठोके मंदावतात असे मोजमापातून आढळले आहे. कामाचे बक्षीस म्हणून हे खाजवणे गुळाच्या खड्याइतकेच चालते.

शिकवण्याचे मूळ तत्त्व एकच आहे. दाब द्यायचा, आणि घोड्याने अपेक्षित हालचालीची नुसती सुरुवात केली की त्याच क्षणी दाब काढायचा. घोडा दाब सुटण्यातून शिकतो. दोन-तीन सेकंद उशीर झाला तरी त्याला भलतेच काहीतरी शिकवले जाते. चुकीच्या वेळी बसलेला चाबूक कशासाठी होता हे घोड्याला कळत नाही. माणूस धोक्याचा आहे एवढे मात्र कळते, आणि त्याची स्मरणशक्ती दीर्घ असते.

पोट

घोड्याच्या गरजांमध्ये सर्वांत दुर्लक्षित गरज चाऱ्याची आहे. चारा कमी पडतो असे नाही, तो चुकीच्या पद्धतीने दिला जातो. मोकळा घोडा दिवसाचे सोळा-सतरा तास चरतो. त्याचे जठर शरीराच्या मानाने लहान असते आणि त्यात आम्ल सतत पाझरते, खाणे असो वा नसो. त्या आम्लाला आवर घालते ती लाळ, आणि घोड्याच्या तोंडात लाळ सुटते चावतानाच. चार-पाच तासांहून जास्त वेळ तोंड रिकामे राहिले की आम्ल जठराचे अस्तर खाऊ लागते. सकाळी सात आणि संध्याकाळी सात अशी दोन वेळा चंदी खाणारा, मधल्या वेळात रिकाम्या गव्हाणीसमोर उभा असलेला घोडा पोटातल्या जखमा घेऊन जगत असण्याची दाट शक्यता असते. तंग आवळताना तो चावायला का धावतो, याचे उत्तर पुष्कळदा इथे सापडते.

चारशे किलोच्या घोड्याला दिवसाला सुमारे आठ किलो कोरडा आहार लागतो आणि त्यातला निदान सहा किलो भाग गवत-वैरणीचा असावा. हरभरा, जव, ओट ही चंदी कामाच्या प्रमाणात, आणि एका वेळी दोन किलोच्या आतच द्यावी. जास्त झाली तर पिष्ट लहान आतड्यात न पचता मोठ्या आतड्यापर्यंत जाते, तिथले जंतू मरतात, विषे रक्तात मिसळतात आणि पोटशूळ किंवा खुरांची दाहक सूज उद्भवते. नवा चारा सुरू करताना जुन्यात मिसळत आठ-दहा दिवसांत बदल करावा. सारंगखेड्याच्या घोड्यांच्या यात्रेत घेतलेला घोडा मुंबईला आणताना पहिल्या दोन आठवड्यांचा त्याचा नेहमीचा चारा बरोबर आणणे शहाणपणाचे ठरते.

गवत दिवसभर पुरवण्यासाठी बारीक भोकांची जाळी उपयोगी पडते. जाळी उंच टांगू नये. मान खाली घालून खाणे हीच घोड्याची नैसर्गिक स्थिती आहे. तिने श्वासमार्ग साफ राहतो आणि दात सारखे झिजतात. जाळी खाली बांधताना तिच्यात पाय अडकणार नाही एवढे पाहावे. पावसाळ्यात बुरशी धरलेला कडबा किंवा मका कितीही महाग पडला तरी फेकून द्यावा, कारण बुरशीचे विष घोड्याच्या मेंदूवर हल्ला करते. धुळकट गवत पाण्यात बुडवून दिले की खोकला कमी होतो.

उपनगरांत तीन धोके विशेष आहेत. पहिला, म्हशींच्या गोठ्यातला तयार पशुखाद्याचा डबा. गुरांच्या काही खाद्यांत मोनेन्सिन हे औषध मिसळलेले असते. गुरांना ते मानवते, घोड्याच्या हृदयाचे स्नायू मात्र ते निकामी करते आणि थोड्या मात्रेतही घोडा दगावतो. गोठ्याशेजारी घोडे ठेवणाऱ्यांनी दोन्हींच्या बादल्या, घमेली आणि पोती वेगळी ठेवावीत, आणि ‘एक दिवस चालेल’ म्हणून गुरांची पेंड घोड्याला कधीही घालू नये. दुसरा, कण्हेर. सोसायट्यांच्या कुंपणाला आणि रस्त्यांच्या दुभाजकावर ही फुलझाडे सर्रास असतात आणि त्यांची मूठभर पानेही जीवघेणी ठरतात. घाणेरीही विषारीच. तिसरा धोका भूतदयेचा : येणारेजाणारे घोड्याला पोळ्या, बिस्किटे, लाडू आणि लग्नातले उरलेले अन्न घालतात. घोड्याला उलटी करता येत नाही. पोटात गेलेले बाहेर काढण्याचा मार्गच त्याला नाही, म्हणून पुण्य करायचे तर गवताची पेंडी विकत घेऊन द्यावी.

पाणी चोवीस तास समोर असावे. साध्या दिवसात २५ ते ३० लिटर, उन्हाळ्यात कामावर असलेल्या घोड्याला याच्या दुप्पटही लागते. घोड्याच्या घामात क्षार भरपूर असतात, म्हणून रोज २५-३० ग्रॅम मीठ चंदीत घालावे आणि घाम गळणाऱ्या दिवशी वाढवावे.

सोबत आणि मोकळीक

एकटा घोडा सुरक्षित झोपत नाही. उभ्या उभ्या डुलकी घेण्याची सोय त्याच्या पायांच्या स्नायुबंधांत आहे. पण गाढ, स्वप्नांची झोप घ्यायला त्याला आडवे व्हावेच लागते. रोज अर्धा-पाऊण तास तरी ही झोप मिळायला हवी. कळपात एक पहारा करतो तेव्हा बाकीचे आडवे होतात. आखूड दाव्याने बांधलेला, ओल्या लादीवर उभा असलेला, शेजारी दुसरा घोडा नसलेला जीव आठवडेच्या आठवडे आडवा होत नाही. मग उभ्यानेच गाढ झोप लागते आणि तो पुढच्या पायांवर कोसळतो. पुढच्या पायांच्या घोट्यांच्या समोरच्या बाजूला, दोन्हीकडे सारख्याच, जुन्या-नव्या जखमा दिसल्या तर त्या रस्त्यावर पडून झालेल्या नसण्याचीच शक्यता जास्त. घोडा विकत किंवा भाड्याने घेणाऱ्याने या दोन जागा हात फिरवून जरूर पाहाव्यात.

दोन घोड्यांच्या मधली भिंत छातीच्या उंचीपर्यंतच ठेवली, की ते एकमेकांना हुंगू शकतात, खाजवू शकतात. दुसरा घोडा ठेवणे शक्यच नसेल तर बकरी चालते. शर्यतीच्या घोड्यांच्या पागांत हा जुना उपाय आहे. ठाण साधारण बारा फूट लांब आणि तितकेच रुंद असावे, म्हणजे घोड्याला वळता आणि लोळता येते. खाली भाताचा पेंढा किंवा लाकडाचा भुसा जाड थराने टाकून ओला भाग रोज काढावा. लीद-मुताचा डोळ्यांत झोंबणारा वास माणसाला गुडघ्यापर्यंत वाकल्यावर आला, तर तो घोड्याच्या फुप्फुसांना आधीच त्रास देत आहे असे समजावे.

मोकळा घोडा चरत चरत दिवसाला दहा-पंधरा किलोमीटर सहज चालतो. प्रत्येक पावलाला खुराच्या आतला मऊ भाग दाबला जातो आणि पायातले रक्त वर ढकलले जाते. दिवसभर बांधून ठेवलेल्या घोड्याचे पाय संध्याकाळी सुजतात ते यामुळे. वरातीची दोन तासांची मुंगीच्या गतीची चाल ही हालचालीची भरपाई नव्हे. पहाटे पाचच्या सुमारास, रहदारी सुरू होण्याआधी, तासभर मोकळी चाल आणि दुडकी, आणि दिवसातून एकदा मातीच्या अंगणात मोहरकीशिवाय सोडणे, एवढे तरी हवेच. माथेरानच्या लाल मातीच्या वाटेवर खुराला जो दिलासा मिळतो तो डांबरावर मिळत नाही. कडक रस्त्यावर भरधाव पळवल्याने सांधे आणि खुरातली हाडे अकाली झिजतात, म्हणून डांबरावर चालच ठेवावी.

खाणे, सोबत आणि हालचाल यांची उपासमार झाली की ठरावीक सवयी दिसू लागतात. गव्हाणीच्या कडेला दात रोवून हवा गिळणे, एका जागी उभे राहून डावी-उजवीकडे डुलत राहणे, ठाणात गोल गोल फिरणे, लाकूड कुरतडणे. गळ्याला पट्टा आवळून, गव्हाणीला तिखट फासून किंवा मार देऊन या सवयी मोडायची पद्धत आहे. तिने घोड्यावरचा ताण वाढतो आणि सवय दुसऱ्या रूपात येते. जाळीत दिवसभर गवत, समोर दिसणारा दुसरा घोडा आणि रोजची मोकळीक दिल्यावर नवी सवय बऱ्याचदा सुटते. वर्षानुवर्षांची सवय मात्र राहून जाऊ शकते, आणि तशा घोड्याला ती करू द्यावी. मोकळीक देण्याएवढी जागा नसेल तर त्या जागी घोडा ठेवू नये. महापालिकेचा परवाना नसलेल्या पागा तर कायद्यातही बसत नाहीत.

उकाडा आणि पाऊस

मुंबईत घोड्याचा खरा शत्रू तापमानापेक्षा दमटपणा आहे. घाम सुकला तरच अंग थंड होते, आणि मे महिन्यात किंवा ऑक्टोबरच्या उष्म्यात इथे घाम सुकतच नाही. भारवाहू आणि ओढकामाच्या जनावरांसाठीच्या १९६५ च्या केंद्रीय नियमांनुसार तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या वर असलेल्या भागात दुपारी बारा ते तीन काम बंद ठेवावे लागते, आणि दिवसाचे काम एकूण नऊ तासांपलीकडे नेता येत नाही. उपनगरांत पारा ३३-३४ वर असला तरी दमटपणामुळे तितकाच धोका असतो, म्हणून आकड्याकडे न पाहता घोड्याकडे पाहावे. विसाव्यात असलेल्या निरोगी घोड्याचा श्वास मिनिटाला ८ ते १६, नाडी २८ ते ४४ आणि अंगाचे तापमान ३७.५ ते ३८.५ अंश असते. काम थांबवून वीस मिनिटांनीही श्वास धापेसारखा चालू राहिला तर त्या दिवशी काम संपले.

तापलेल्या घोड्यावर थंड पाणी ओतू नये, त्याला पाणी पाजू नये, हा जुना समज चुकीचा आहे. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकच्या तयारीत, तिथल्या दमट उन्हाळ्याच्या भीतीने, यावर बरेच संशोधन झाले आणि थंड पाण्याचा सगळ्या अंगावर सतत मारा हाच सर्वांत परिणामकारक उपाय ठरला. काही घोड्यांचा, विशेषतः बाहेरून दमट हवेत आणलेल्या थरोब्रेडांचा, घाम हळूहळू बंदच पडतो. उन्हात काम करूनही अंग कोरडे, कातडी रखरखीत आणि श्वास जोराचा, असे दिसले तर पशुवैद्याला दाखवावे.

पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या या पट्ट्यात खूर कुजतात. खुराच्या तळाच्या त्रिकोणी मऊ भागाच्या चिरांत काळा, दुर्गंधी स्राव दिसला की समजावे. रोज सकाळ-संध्याकाळ खूर उकरून साफ करणे आणि उभे राहायला कोरडी जागा देणे हा मुख्य उपाय, औषध त्यानंतर. नालबंद दर पाच-सहा आठवड्यांनी यावा, नाल झिजला नसला तरी, कारण खूर वाढतच असतो. याच दिवसांत चावणाऱ्या मोठ्या माशांमुळे सर्रा हा रक्तातल्या परजीवीचा रोग पसरतो : येणारा-जाणारा ताप, खाऊनही हडकणे, पायांवर आणि पोटाखाली सूज. धनुर्वाताची लस दरवर्षी, आणि भटकी कुत्री असलेल्या वस्तीत रेबीजचीही, टोचून घ्यावी. नाकातून चिकट पिवळा स्राव आणि अंगावर गाठी-जखमा दिसल्यास घोडा ताबडतोब वेगळा करावा. ही ग्लँडर्सची लक्षणे असू शकतात. हा रोग माणसालाही होतो, तो कळवणे कायद्याने बंधनकारक आहे, आणि त्याच्या तपासणीसाठी रक्ताचे नमुने हिस्सारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे पाठवले जातात.

वरातीसाठी घोडी ठरवताना

भाडे ठरवणारे घर काही मिनिटांत बरेच पाहू शकते. घोडी चालताना डोके एका लयीत वर-खाली करत असेल तर ती लंगडत आहे. ओठांच्या कडांना चिरा, रक्त किंवा तोंड सतत उघडे असेल तर कडियाळे पाहायला मागावे. काटेरी कडियाळे वापरण्यास १९६५ च्या त्याच नियमांनी मनाई आहे. खोगिराखाली हात घालून पाठीवर ओले घाव नाहीत ना ते पाहावे. घोड्याने स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त भार वाहू नये. वरातीच्या कित्येक घोड्या तीनशे किलोच्या आतबाहेर असतात. त्यांच्यावर जड खोगीर, नवरदेव आणि पुढे बसवलेले लहान मूल हे ओझे मर्यादेबाहेर जाते. मूल बसवू नये, आणि अंतर अर्ध्या तासात संपेल एवढेच ठेवावे. फटाक्यांची माळ घोडीपासून दूर, पुढे नेऊन लावावी, स्पीकरची गाडी तिच्या मागे लावू नये. घोडी नाचवण्याचा आग्रह मुळीच धरू नये : ठेक्यावर पाय उचलणारी घोडी पायांवर काठीचा आणि तोंडात लगामाचा मार खाऊन ते शिकलेली असते.

दुखणे आणि म्हातारपण

पोटशूळ हे घोड्याच्या मृत्यूचे एक मोठे कारण आहे. पुढच्या पायाने जमीन खरवडणे, वारंवार पोटाकडे वळून पाहणे, लोळणे, घाम आणि लीद बंद, ही लक्षणे दिसताच खाणे समोरून काढून पशुवैद्याला फोन करावा. तेल, सोडा, दारू असे घरगुती काढे नळीने पाजण्याच्या भानगडीत पडू नये. ते फुप्फुसात गेले तर घोडा त्यानेच मरतो. बोरिवली किंवा मुलुंडहून परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयापर्यंत किंवा शेजारच्या बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालयापर्यंत घोडा नेण्यात गर्दीच्या वेळी तास-दीड तास सहज जातो. म्हणून घोडे पाहणारा डॉक्टर आणि घोडा चढू शकेल असा टेम्पो यांची सोय आजारपणाआधीच करून ठेवावी.

घोडा पंचवीस-तीस वर्षे जगतो, आणि शहरातले काम त्याच्याच्याने पंधरा-सोळाव्या वर्षापुढे क्वचितच निभावते. उरलेल्या वर्षांची तजवीज घोडा घेतानाच करायला हवी : ओळखीच्या शेतावरची जागा, तिथे निदान एक दुसरा घोडा, आणि दरमहा पाठवायचा खर्च. म्हाताऱ्या घोड्याचे दात झिजतात, चघळलेल्या गवताच्या गुंडाळ्या तो तोंडातून टाकू लागतो. वर्षातून एकदा दात घासून घ्यावेत, वैरण बारीक कापून कोमट पाण्यात भिजवून द्यावी आणि दर महिन्याला छातीचा घेर दोरीने मोजून गाठ मारून ठेवावी. गाठ आत सरकली तर वजन उतरत आहे.